जुन्या घरातले जुने दिवे: शोधण्यापासून पुन्हा लावण्यापर्यंत, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर आजोबांनी 1961 साली बांधलं, वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका खेड्यात, कापसाच्या पैशातून. सामोर स्लॅबची बैठक, खाली मोझॅक टाइल, खिडक्यांना लोखंडी गज, मागे जुनं कवेलूचं (कौलारू) घर तसंच ठेवलेलं. गावात लाईट त्यानंतर काही वर्षांनी आली, वायरिंग तेव्हाची. तीन वर्षांपासून मी या घरातले दिवे एकेक करून सोडवून, साफ करून, पुन्हा लावून राहिलो. त्याचे फोटो पाहून नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली.

1950-60 च्या घरात नेमके कोणते दिवे असायचे?

आपल्याकडे खेड्यात झुंबरं वगैरे फार कमी, ती मालगुजारांच्या वाड्यात. साध्या घरात बैठकीच्या मधोमध दुधी काचेचा गोल ग्लोब, पितळी दांडीला नाहीतर साखळीला लटकवलेला. सपरीत (ओसरीत) भिंतीवर लाकडी ठोकळा आणि त्यावर काळा नाहीतर चॉकलेटी बेकलाईटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा होल्डर. स्वयंपाकघरात वायरला लोंबणारा उघडा बल्ब, वर पत्र्याची लहरी कडेची टोपी. अंगणात इनॅमलची शेड, वरून हिरवी आणि आतून पांढरी. देवघरात झिरोचा बल्ब. बटनं गोल, खाली केलं की चालू, आणि सगळी वायरिंग भिंतीवरून लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली नाहीतर लाकडी केसिंगमधून नेलेली. जिनिंग-प्रेसिंगवाल्यांच्या घरी कारखान्यातल्या मोठ्या शेड पण सापडतात. आजकाल याला मिड-सेंच्युरी म्हणतात आणि शहरात त्याची नवीन कॉपी भल्ल्या किमतीला विकतात, आपल्याकडे मात्र खरी वस्तू माळ्यावर पडून असते.

शोधायला सुरुवात कुठून करू?

आपल्याच घरापासून. बाजारात जायच्या आधी माळा, धान्याची खोली, गोठ्याच्या वरची जागा, जुनी पेटी हे सगळं पाहून घ्या. आमचा बैठकीतला ग्लोब मला गव्हाच्या कोठीमागे पोत्यात गुंडाळलेला सापडला, आजीनं 25-30 वर्षांआधी ट्यूबलाईट आली तेव्हा काढून ठेवला होता आणि कोणाला सांगितलंच नव्हतं. म्हणून घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. "आजी, आधी इथं कोणता दिवा होता?" एवढं विचारलं तरी दिवा कुठे होता, किती खाली लोंबत होता, कोणी आणला सगळं निघते. जुन्या लग्नाचे फोटो पण पाहा, नवरा-नवरीच्या डोक्यावर बरेचदा दिवा दिसतो.

दुसरी जागा म्हणजे गावात पडून राहिलेली घरं. एखादा वाडा पाडून राहिले असतील तर ठेकेदाराआधी मालकाला भेटा. एकदा सागवानाची नाटं (छताची जाड आडवी लाकडं) ट्रॅक्टरवर चढली की बाकीचं सगळं मलब्यात जाते, पितळ तेवढं भंगारवाला वेगळं काढतो आणि किलोच्या भावात नेतो. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला सांगून ठेवा की जुना दिवा, होल्डर, बटन, शेड काही आलं तर फोडायच्या आधी फोन कर. किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले तर तो आठवणीनं ठेवतो. माझे निम्मे होल्डर असेच आले.

आणि बाहेर विकत घ्यायचं म्हटलं तर?

नागपूरला इतवारीत पितळेची जुनी दुकानं आहेत, तिथे दिवा नाही तर दिव्याचे भाग तरी मिळतात. भंडारा पितळेच्या कामासाठी आधीपासून नावाजलेला, तिथे एखादी वाटी, दांडी, कडी बनवून घ्यायची असेल तर कारागीर शोधता येतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर सगळ्यात जास्त माल आहे पण भाव तसेच, आणि तिथे जुन्यासोबत नवीन बनवलेलं जुनं पण खूप आहे. ऑनलाईन घ्यायचं तर काचेचा ग्लोब घेऊ नका असं मी सांगीन, विकणारा कितीही चांगला असला तरी आपल्या खेड्यापर्यंत येता येता ते पार्सल चार गाड्या बदलते.

खरं जुनं आणि नवीन बनवलेलं यात फरक कसा ओळखायचा?

खिशात एक चुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून पितळेचं पाणी (मुलामा) दिलेलं आहे. चिकटला म्हणजे नकलीच असं पण नाही, त्या काळात पण लोखंडावर निकेल चढवलेले दिवे यायचे, पण "अख्खं पितळ" म्हणून पैसे मागून राहिला असेल तर तिथेच कळते. मला एकदा शहरातल्या एका दुकानात असाच एक दिवा "वाड्यातला" म्हणून विकला, घरी आणून लिंबू लावलं आणि पिवळा थर निघून खाली पांढुरका पत्रा दिसला. तेव्हापासून चुंबकाशिवाय मी घरून निघत नाही.

स्क्रू पाहा. जुन्या दिव्यात सरळ एका चिरेचे स्क्रू असतात, फुलीवाले दिसले की एकतर दिवा नवीन आहे नाहीतर कोणीतरी मधे उघडला आहे. झिजण्याची जागा पाहा, हात लागतो तिथे झीज असायला पाहिजे, म्हणजे बटनाच्या टोकाला, साखळीच्या कड्यांच्या आतल्या बाजूला. सगळीकडे सारखा काळेपणा असला तर तो ॲसिडनं आणलेला असतो. ग्लोबची उघडी कड पाहा. जुन्या चांगल्या दुधी काचेत कडेवर दोन थर दिसतात, एक पारदर्शक आणि एक दुधाळ, नाहीतर पूर्ण काच एकाच दुधाळ रंगाची असते. आतून पांढरा रंग मारलेला असला तर नखानं खरवडून निघतो.

जुना दिवा घेतला तर कायद्याचं काही लफडं होते का?

घरगुती दिव्यात नाही. 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तू येतात, 1960 चा ग्लोब त्यात बसत नाही. पण एखादी खूप जुनी काचेची लटकती हंडी हाती लागली तर विकायच्या आधी चौकशी करा, कारण अशा वस्तूंच्या धंद्याला लायसन लागते आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

रेल्वेच्या मालाची मात्र खरी काळजी घ्या. आपल्याकडे शकुंतलेच्या, म्हणजे जुन्या छोट्या रेल्वेच्या स्टेशनांचे, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर लाईनवरचे, कंदील आणि दिवे म्हणून लोक काहीही विकतात. रेल्वेचा माल बेकायदेशीर जवळ ठेवण्याबद्दल 1966 चा वेगळा कायदाच आहे. लिलावाची पावती असेल तरच घ्या. तसंच रस्त्याच्या खांबावरची जुनी शेड कितीही आवडली तरी ती सरकारी आहे, हात लावू नका.

दिवा सोडवताना काय काय पाहायचं?

आधी मेन बंद करा, मग टेस्टरनं पाहा, मग दुसऱ्या चांगल्या टेस्टरनं पुन्हा पाहा. फक्त बटन बंद करून काम करू नका, कारण खाली सांगतो. शिडी लाकडी ठेवा आणि खाली धरायला माणूस पाहिजेच.

सोडवायच्या आधी चार बाजूनं फोटो काढा, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू, वायसर, कडी जसजशी निघते तसतशी जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडत जा. माझा ग्लोब धरणारी पितळी वाटी होती, तिला तीन बाजूनं तीन स्क्रू, आणि पेंटरनं प्रत्येक दिवाळीला भिंतीसोबत वाटीला पण ऑइलपेंट मारला होता, हिरवा, मग क्रीम, मग पुन्हा हिरवा. स्क्रूची चीर दिसतच नव्हती. दाभणाच्या टोकानं रंग कोरून काढला, रात्रभर खोबरेल तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी दोन स्क्रू फिरले, तिसरा नाही. तिसऱ्यावर जोर लावला असता तर वाटी वाकली असती, म्हणून त्याला गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून पुन्हा तेल दिलं आणि चौथ्या दिवशी तो सुटला. आतमधे दांडीच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं, पूर्ण नळी बुजलेली, फोडलं तर त्यात वाळलेले कोळी निघाले. हे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दिव्यात सापडते. नळीतून वायर ओढायच्या आधी सायकलच्या स्पोकनं ती माती काढून घ्या, नाहीतर नवीन वायरचं कव्हर आतल्या आत सोलल्या जाते.

सिलिंग रोझ (छताला वायर जोडायची गोल डबी) उघडताना सावकाश, आत पाल मेलेली असते आणि तिच्यामुळे झालेला काळा डाग असेल तर तो रोझ पुन्हा वापरू नका.

आतली जुनी वायर चांगली दिसते, तीच ठेवली तर चालेल का?

नाही. बाकी सगळ्यात मी म्हणीन की जुनं ठेवा, इथे नाही. दिव्याचं जे बाहेरून दिसते ते जुनं राहू द्या, ज्यातून करंट जाते ते सगळं नवीन पाहिजे.

त्या काळातल्या वायरला रबराचं कव्हर आणि वरून सुताची वीण असायची. सूत बाहेरून चांगलं दिसते पण आतलं रबर 40-50 वर्षांत वाळून कडक होते, आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. माझ्या ग्लोबची वायर मी हातात धरून नुसती वाकवली तर सुताच्या आत कुर्रर्र आवाज झाला आणि टोकातून काळा भुगा पडला, मोहरी सांडावी तसा. म्हणजे सुताच्या आत दोन उघड्या तारा एकमेकींना लागायच्या बाकी होत्या, आणि हा दिवा आजोबांच्या आरामखुर्चीच्या बरोबर वर होता.

आमच्या गावचे जुने वायरमन काका आहेत, त्यांनीच तरुणपणी या घराचं वायरिंग केलं होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, सपरीतला तर अजून चालू आहे, मग काहून बदलायचा?" ते म्हणाले, "बाबू, चालू हाये म्हणूनच बदलाचा. बंद असता तं कोणाले लागला असता?" त्या दिवशी आम्ही सपरीचा पण खाली उतरवला.

नवीन वायर टाकताना तांब्याची, आयएसआय मार्कवाली घ्या. दिव्याच्या आत 0.75 स्क्वेअर एमएमची तीन तारांची फ्लेक्सिबल पुरते, बोर्डापासून दिव्यापर्यंत 1.5 ची. जुनं रूप पाहिजे तर वरून सुती वीण असलेली पण आत पीव्हीसी असलेली पिळाची वायर आता मिळते. बैठकीत मी तीच टाकली आणि फोटोत कोणाला फरक कळत नाही.

आतली तार पांढरी आहे, म्हणजे ॲल्युमिनियम आहे का?

बरेचदा नाही. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालायचे आणि गंधक तांब्याला खाते, म्हणून त्या काळात तांब्याच्या तारेवर कथलाचा हात द्यायचे. ब्लेडनं हलकं खरवडून पाहा, खाली लाल दिसलं तर तांबं. खरवडून पण पांढरंच राहिलं आणि तार वाकवली की पटकन तुटली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम घरात असेल तर त्याला तांब्याची तार नुसती पिळून जोडू नका, असा जोड ढिला होतो, गरम होतो आणि आग लागते. पूर्ण लाईन बदललेली बरी.

पितळ कसं साफ करायचं? चकचकीत करायचं की काळं ठेवायचं?

चकचकीत करू नका असं माझं ठाम मत आहे. साठ वर्षांत आलेला तो तपकिरी रंग एकदा गेला की आपल्या हयातीत वापस येत नाही. आधी फक्त कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश. त्यानंच धूळ, चुलीचा धूर आणि माश्यांचे डाग निघतात आणि खाली गडद सोनेरी रंग दिसते, मला तर तेवढ्यात थांबावंसं वाटते.

पितळ जिथे हिरवं पडलं असेल तिथे मात्र साफ करावंच लागते कारण ते हिरवं वाढत जाते. चिंच आणि मीठ, भांड्याला लावतो तसंच, पण कापसाच्या बोळ्यानं फक्त तेवढ्याच जागेवर, दोन-तीन मिनिटं, मग भरपूर पाण्यानं धुऊन, खायच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुडवून, लगेच कोरडं करून उन्हात. चिंच राहिली तर आठ दिवसांत पुन्हा हिरवं. राखेनं घासू नका, राखेत बारीक रेती असते, आणि पाणी दिलेल्या वस्तूवर तर तारेची घासणी पण नाही. वरून थोडं मेण चोळून ठेवलं की आपल्याकडच्या पावसाळ्यात पण दोन वर्षं टिकते.

वरचा जुना ऑइलपेंट कसा काढायचा?

कोरडा घासून काढू नका. जुन्या ऑइलपेंटमधे शिसं असण्याची खूप शक्यता आहे, आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिश्यावर 90 पीपीएमची (दहा लाख भागात 90 भाग) कडक मर्यादा 2017 च्या शेवटी लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. घासलं की त्याची धूळ उडते आणि लहान पोट्ट्यांच्या पोटात जाते, मेंदूवर परिणाम होते. हीट गन लावली तर धूर. माझी पद्धत अशी की अंगणात, वारा पाठीमागून येईल असं बसून, हातमोजे आणि मास्क लावून, पेंट रिमूव्हर ब्रशनं लावायचा, फुगला की लाकडी पट्टीनं सोलायचा. राहिलेलं ओल्या पॉलिश पेपरनं. निघालेला सगळा चिखल प्लास्टिकच्या थैलीत बांधून ठेवायचा, विहिरीजवळ नाहीतर भाजीच्या वाफ्यात तो टाकायचा नाही. निदान तेवढे दिवस पोरांना तिकडे येऊ देऊ नका.

ग्लोब फुटला किंवा तडा गेला तर?

तडा गेलेला ग्लोब डोक्यावर लटकवू नका, चिकटवून पण नाही. गरम-थंड होऊन तो कधी खाली येईल सांगता येत नाही. नवीन दुधी ग्लोब मिळतात, काचेच्या कामासाठी उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद प्रसिद्ध आहे आणि बाजारातला बराच माल तिकडचा असतो. घेताना गोलाच्या मापापेक्षा गळ्याचं माप महत्त्वाचं, वाटीच्या आतून माप घ्या आणि गळा त्यापेक्षा थोडा लहानच पाहिजे.

माझ्याकडून एक ग्लोब फुटला तो या एका गोष्टीमुळे. तीन स्क्रू मी पेचकसानं घट्ट आवळले होते, पक्कं बसावं म्हणून. मे महिन्यात दुपारी पितळ तापलं, आतून बल्ब तापला, काचेला फुगायला जागा राहिली नाही आणि गळ्याशी चीर गेली. स्क्रू फक्त बोटानं फिरवा, काचेला लागला की अर्धा फेरा मागे घ्या. ग्लोब थोडा हलला पाहिजे. स्क्रूच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा लावला तर आणखी चांगलं.

बेकलाईटची बटनं आणि होल्डर पुन्हा वापरता येतात का?

बटनं येतात, जपून. बेकलाईट हे 1907 मधे लिओ बेकलंड यांनी शोधलेलं, एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून गरमीत मऊ पडत नाही, पण तडकलं तर जोडता पण येत नाही. बटन उघडून आतली पितळी पट्टी पाहा. पट्टीत ताण असेल, काळी पडली नसेल, दाबल्यावर टक् असा एकच स्पष्ट आवाज येत असेल तर एलईडी दिव्यासाठी ते मजेत चालते. चरचर आवाज, ठिणगी, हाताला गरम लागणं, यातलं एक जरी असलं तरी बाद. पाच अँपिअरचं ते बटन आहे, त्यावर फ्रीज, कूलर, मोटर काही लावू नका.

होल्डर मात्र मी नवीन टाकतो आणि जुन्याचं फक्त बाहेरचं कव्हर ठेवतो, ते जमलं तर. आतल्या दोन पिना आणि स्प्रिंग थकलेल्या असतात. आपल्याकडे पिनेचा बी 22 होल्डर तेव्हा पण होता, आता पण आहे, एवढं चांगलं झालं. आट्याचं (चुडीचं) माप मात्र जुळत नाही बरेचदा, जुनं सुतात, म्हणजे इंचाच्या मापात असते आणि नवीन एमएममधे. लेथवाल्याकडे जुना तुकडा घेऊन जा, तो अर्ध्या तासात जोड बनवून देतो.

साफ करायला ओला फडका आणि साबण, ब्लीच नाही, घासणी नाही. वरची चमक एकदा गेली की आतला भुसा दिसते.

घरात अर्थिंगच नाही, मग पितळी दिवा लावू का?

अर्थिंग करून घ्या, मगच लावा. जुन्या वायरिंगमधे दिव्यापर्यंत दोनच तारा यायच्या. लाकडी ठोकळ्यावरच्या बेकलाईटला ते चालून गेलं, पण धातूच्या दिव्यात आत एक तार सुटली की पूर्ण दिव्यात करंट उतरते, आणि दिवाळीत पुसायला चढणारा माणूस ओल्या फडक्यानं त्याला हात लावतो.

आपल्याकडे अर्थिंगची एक खास अडचण आहे जी शहरातले लोक सांगत नाहीत. काळी माती ओली असते तेव्हा करंट खूप चांगलं घेते, पण एप्रिल-मेमधे ती आवळते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपभोवती पोकळी होते. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग उन्हाळ्यात काहीच कामाचं राहत नाही. म्हणून खड्डा न्हाणीच्या पाण्याच्या उतारावर घ्या, पाइपभोवती कोळसा आणि मीठ भरा, वर पाणी टाकायला नळी ठेवा आणि होळीपासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका.

सोबत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळालं की लाईन आपोआप तोडणारं बटन) बसवा. जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधे कोणीतरी जाड तार टाकलेली असतेच, आमच्या बोर्डात तर सायकलच्या ब्रेकची तार होती. तो सागवानी बोर्ड मी भिंतीवर तसाच ठेवला, शोभेला, एकही तार न जोडता. खरा बोर्ड बाजूच्या आलमारीत.

बटन बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहते, काहून?

हे जुन्या घरात हमखास होते. बरेचदा बटन फेजच्या (करंट आणणाऱ्या तारेच्या) ऐवजी न्यूट्रलवर (वापसीच्या तारेवर) बसवलेलं असते. जुना पिवळा बल्ब असेपर्यंत कळत नव्हतं कारण त्याला पेटायला जास्त करंट लागायचं, एलईडीला तेवढंसं पुरते. बटन बंद करून, बल्ब काढून होल्डरच्या पिनेला टेस्टर लावा, लागला तर हीच गोष्ट. यात भूत-बाधा काही नाही पण जीवाला धोका नक्की आहे, बटन बंद आहे म्हणून बल्ब बदलायला गेलेल्याला शॉक बसतो. वायरमनकडून फेज बटनावर करून घ्या. फेज बरोबर असून पण मंद जळत असेल तर दोन तारा लांबपर्यंत चिकटून गेल्यामुळे थोडं करंट ओढल्या जाते, त्यात धोका नाही, दुसऱ्या चांगल्या कंपनीचा बल्ब लावून पाहा.

बल्ब कोणता लावायचा?

पिवळा, म्हणजे डब्यावर 2700 किंवा 3000 के लिहिलेला. 6500 चा पांढरा लावला की दुधी ग्लोब दवाखान्यासारखा दिसते आणि इतकी मेहनत वाया जाते. जुन्या 60 वॅटच्या जागी 9 वॅट एलईडीचा तेवढाच उजेड पडते, पण बंद ग्लोबमधे मी 5 किंवा 7 च लावतो. एलईडीचा सर्किटवाला भाग गरमीत खराब होतो, आपल्याकडे खोलीतच 40 च्या वर असते आणि ग्लोबमधे हवा खेळत नाही. जास्त उजेड पाहिजे तर कोपऱ्यात दुसरा दिवा ठेवा.

उघड्या शेडमधे तार दिसणारे एलईडी बल्ब छान दिसतात.

देवघरातला झिरोचा बल्ब ठेवू का?

नाव झिरो असलं तरी ते 12 ते 15 वॅट खाते. जुने मीटर एवढं कमी मोजायचे नाहीत म्हणून झिरो. रात्रंदिवस जळत असेल तर अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, त्याच लाल रंगाचा मिळते. होल्डर तोच ठेवा.

जुनी ट्यूबलाईट पट्टी पण ठेवण्यासारखी असते का?

लाकडी किंवा जाड पत्र्याची, दोन्ही टोकाला वळण दिलेली असेल तर हो. आतला चोक, स्टार्टर, कंडेन्सर काढून टाका आणि एलईडी ट्यूब सरळ जोडा. जुन्या कंडेन्सरमधून तेल गळत असेल तर उघड्या हातानं धरू नका, त्या काळच्या काहींमधे पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं. जाड जुनी ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

कंदील आणि गॅसबत्तीला लाईट बसवता येते का?

येते, पण भोक पाडू नका. कंदिलाच्या वरच्या टोपीतून बारीक वायर आत सोडून छोटा बॅटरीवाला एलईडी ठेवला की झालं, पुढे कोणाला वाटलं तर रॉकेलवर पुन्हा पेटवता येते. कंदिलाची वात, बर्नर, काच तिन्ही अजून खेड्यातल्या दुकानात मिळतात.

गॅसबत्ती, म्हणजे पेट्रोमॅक्स, लग्नाच्या वरातीत डोक्यावर असायची ती. तिच्या जुन्या मेंटलमधे थोरियम असायचं, ते थोडं किरणोत्सर्गी आहे. दिवा ठेवायला काही हरकत नाही, पण आतला पांढरा भुगा फुंकू नका, ओल्या कागदानं पुसून घ्या. टाकीत हवा भरून "अजून चालते का" हे पाहू नका, जुना वायसर आणि गंजलेली टाकी कधी दगा देईल भरवसा नाही.

कवेलूच्या घरात जड दिवा लटकवायचा कसा?

नाटेला. बांबूला किंवा फाट्याला नाही. नाट ठोकून पाहा, भरीव आवाज आला पाहिजे, पोकळ आला तर आत वाळवी आहे. नाटेला आरपार बोल्ट घालून खाली हूक, हुकाला साखळी, साखळीला दिवा. वजन साखळीवर, वायर बाजूनं ढिली. बसवायच्या आधी दिव्याच्या चारपट वजनाचं, म्हणजे समजा गव्हाची थैली, एक रात्र हुकाला लटकवून ठेवा. आणि कवेलू फेरणाऱ्याला दरवर्षी दाखवा की इथे वायर आहे, पाय देऊ नको.

स्लॅबच्या घरात पंख्याचा जुना हूक असतो, तो गंजलेला नाही ना तेवढं पाहा.

हे सगळं स्वतः करू की कोणाकडून करून घेऊ?

सोडवणं, घासणं, रंग काढणं, जोडणं स्वतः करा. लाईनला जोडायचं काम लायसनवाल्या वायरमनकडून, आणि त्याला सांगा की मेगर (तारेच्या कव्हरमधून करंट गळते का ते मोजणारं यंत्र) लावून लाईन दाखव. आमचे काका आता शिडीवर चढत नाहीत, पण खाली खुर्चीवर बसून नवीन पोराला सांगतात आणि मी ते ऐकून घेतो, कारण भिंतीत कुठे कोणता जोड आहे हे फक्त त्यांना माहीत आहे. तुमच्या गावचा जुना वायरमन हयात असेल तर त्याला चहाला बोलवा आणि घराचा नकाशा काढून घ्या, या वर्षीच.

लावल्यानंतर काळजी काय घ्यायची?

पोळ्याच्या सुमारास ग्लोबमधे किडे भरतात, पिवळ्या उजेडाला जरा कमी येतात पण येतातच. महिन्यातून एकदा मेन बंद करून ग्लोब उतरवा, किडे काढा, कोरड्या फडक्यानं पुसा. किड्यांचा थर राहिला की पाल येते. ग्लोब उतरवल्यावर नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं माती लावली का तेवढं पाहा, मी तर नळीच्या वरच्या टोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधून ठेवला आहे. आरसीसीबीचं टेस्टचं बटन त्याच दिवशी दाबून पाहा. आणि दिवाळीआधी पेंटर आला की त्याच्या आधी वाटीवर कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा.